युद्धविरामाचं उद्यापन

"व्रत घ्यायचं तर घे, पण ते कधी सुटणार हे देवाला नीट सांग. देव हुशार आहे, म्हणून काय त्याला अंदाज करायला लावायचं?"

संजीवनीच्या सासूबाईंनी, इंदुबाईंनी, हे तिला लग्नानंतरच्या पहिल्याच श्रावणात सांगितलं होतं. तिच्या हातात पळी होती, समोर ताम्हन होतं, आणि नवी सून घाबरून भलताच संकल्प करून बसेल अशी त्यांना धास्ती असावी. इंदुबाईंना जाऊन आता पाच वर्षं झाली, पण त्यांनी घालून दिलेली शिस्त संजीवनीने तीस वर्षांत कधी मोडली नव्हती. मंगळवारी अळणी, शनिवारी एकवेळ, चातुर्मासात वांगं बंद, सोमवारी शिवमंदिरात जाऊन येईपर्यंत तोंडात पाणी नाही. प्रत्येक व्रत अमुक तिथीला सुरू, तमुक तिथीला समाप्त. रजेच्या अर्जावर कशा दोन तारखा असतात, तसं. देवालाही ते सोयीचं पडत असणार, त्याला इतरही कामं असतात.

इतका अनुभव असलेली बाई एका सोमवारी चुकली, आणि चुकली ती अशी, की अंबरनाथ पश्चिमेची अख्खी स्नेहदीप सोसायटी त्यात ओढली गेली.

त्या सोमवारी सकाळी टीव्हीवर युद्ध सुरू झालं. तसं ते आखाताच्या बाजूला दोन देशांमध्ये सुरू झालं होतं, पण आपल्याकडे कुठलंही युद्ध आधी टीव्हीवरच सुरू होतं. संजीवनीचा पुतण्या तुषार तिकडच्याच एका बंदरात क्रेनचा इंजिनियर होता. पुतण्या म्हणजे तिच्या थोरल्या जावेचा, रोहिणीवहिनींचा मुलगा. पण दोन्ही भाऊ अंबरनाथला एकत्र राहत होते तेव्हा घरात मूल ते एकच होतं, आणि सात वर्षांचं होईपर्यंत ते संजीवनीच्या बशीतला चहा पिऊन वाढलं होतं. टीव्हीवरच्या नकाशात त्या बंदराशेजारी लाल ठिपका लुकलुकायला लागला तशी ती उठली, देवापुढे बसली, तळहातावर पळीभर पाणी घेतलं आणि म्हणाली, "हे युद्ध थांबेपर्यंत चहा घेणार नाही."

पाणी ताम्हनात सुटलं. सुटलेलं पाणी परत घेता येत नाही.

'तुषार सुखरूप घरी येईपर्यंत' असं म्हणायचं तिच्या मनात होतं. पण टीव्हीवर इतक्या बाया पोरं कुशीत घेऊन तळघरात बसलेल्या दिसत असताना आपल्या एकाचंच मागणं तिच्या जिवावर आलं. म्हणून तिने सगळ्यांचं मागितलं. मोठ्या मनाने मागितलं आणि तिथेच फसली. कारण पोरगं घरी आलं की ते दारात दिसतं, चप्पल काढतं, भूक लागली म्हणतं. युद्ध थांबलं हे कोणाच्या दारात येऊन कोण सांगणार?

चहा सोडणं म्हणजे काय, हे ज्याने तो सोडला नाही त्याला समजावण्यात अर्थ नाही. पहिले तीन दिवस डोकं दुखलं. चौथ्या दिवसापासून समोरच्या उमाच्या घरी चहा कुठल्या पावडरीचा आहे आणि त्यात वेलची पडली की गवती चहा, हे तिला दोन बंद दारांपलीकडून कळायला लागलं. नवरा, रघुनाथराव, तिला त्रास नको म्हणून आपला कप घेऊन बाल्कनीत जात. पण तिथून फुरके असे मारत, की इकडे जप करताना तिच्या बोटांतून माळेचा मणी निसटे, आणि एकशे आठ म्हणता म्हणता ती एकशे चौदावर जाऊन पोचे. जादा झालेले जप तिने तिकडच्या बायांच्या नावाने सोडून दिले.

बाराव्या दिवशी युद्ध थांबलं. एका मोठ्या देशाचे मोठे साहेब टीव्हीवर आले, त्यांनी दोन्ही हात पसरले, आणि हे आपण थांबवलं असं जाहीर केलं. संजीवनीने देवाला हात जोडले, गॅसवर आधण ठेवलं, आलं किसलं. साखर पडली, पावडर पडली, पाण्याला रंग चढला, आणि स्वयंपाकघराच्या दारातून रघुनाथराव म्हणाले, "थांब. घाई करू नकोस."

रघुनाथराव तीस वर्षं दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यात, ऑर्डनन्समध्ये, स्टोअरकीपर होते. खोक्यांवर नंबर घालण्यात त्यांची नोकरी गेली, त्यामुळे जगातल्या कुठल्याही युद्धात आपलं मत विचारलं गेलं पाहिजे असं त्यांना वाटतं, आणि कोणी विचारत नाही याचं दुःख ते घरात सांगतात.

"माल संपलाय त्यांचा," ते म्हणाले. "स्टोअरमधला माल संपला की प्रत्येक जण शांततेचं बोलतो. नवीन माल भरला की बघ."

"पण त्यांनी स्वतः सांगितलं ना, थांबलं म्हणून?"

"त्यांनी सांगितलं म्हणूनच म्हणतोय."

तिने गॅस बंद केला. संध्याकाळपर्यंत दोन्ही देशांनी 'सुरुवात तुम्ही केली' असं एकमेकांना सांगत पुन्हा सुरुवात केली. केलेला चहा वाया जाऊ नये म्हणून तो रघुनाथरावांनीच गरम करून घेतला, आणि आलं जरा जास्त झाल्याचं सांगितलं.

आता संजीवनीला वेगळीच टोचणी लागली. पिण्याच्या इराद्याने चहा केला, त्याचा वासही घेतला, तर व्रत मोडलं का? विठ्ठलवाडीच्या गुरुजींना तिने फोन लावला. गुरुजी तीन गावांचे यजमान एका स्कूटरवर सांभाळतात, त्यामुळे त्यांचं शास्त्र सिग्नलला उभं असतानाच ऐकावं लागतं. त्यांनी सांगितलं की वास हा वायू आहे, वायूला दोष नाही. पण व्रताचे शब्द ऐकल्यावर त्यांचा सूर बदलला. "फारच मोघम घेतलंत," ते म्हणाले. "युद्ध थांबलं हे तुमच्या मनाला पटलं पाहिजे. आणि अशा व्रताचं उद्यापन नीट करा. पाच सवाष्णी, पुरणाचं जेवण, हातात काहीतरी वाण." मागून हॉर्न वाजला आणि शास्त्र संपलं.

मोघम. तीस वर्षं व्रतं केलेल्या बाईला मोघम म्हणणं म्हणजे काय, ते गुरुजींना कळलं नसावं. तिने फोन खाली ठेवला, पदर नीट केला आणि माळ घेऊन जपाला बसली.

एकोणिसाव्या दिवशी युद्ध दुसऱ्यांदा थांबलं. या वेळी सह्या झाल्या, हस्तांदोलन झालं, मोठे साहेब मधोमध उभे राहून दोघांच्या खांद्यांवर थोपटत होते. संजीवनीने घाबरत घाबरत रघुनाथरावांकडे पाहिलं. उद्यापनाला पुरण लागतं ही बातमी तोवर त्यांच्यापर्यंत पोचली होती. त्यांनी चष्मा पुसून परत घातला आणि पडद्याजवळ जाऊन त्या सह्या पाहिल्या.

"या वेळी मला यात प्रामाणिकपणा दिसतो," ते म्हणाले. "पोळ्या तुपातल्याच करशील ना?"

दुसऱ्या दिवशी ती वाणाचे डबे आणायला उल्हासनगरला गेली. चेतनदास शेठच्या भांड्यांच्या दुकानात तिची सगळी व्रतं ओळखीची आहेत. हळदीकुंकवाच्या वाट्या तिथल्या, बोडणाचं तबक तिथलं. शेठ तिला अदी म्हणतो. त्यांच्या सिंधीत अदी म्हणजे ताई. पाच स्टीलचे डबे निवडून झाले. आता वाणाच्या भांड्यावर नाव घालायचं असतं. कोणी दिलं, कशाबद्दल, कधी, हे शेठचा कारागीर हातातल्या मशिनने टिकटिक करत कोरून देतो. संजीवनीने कागदावर लिहून दिलं: 'सौ. संजीवनी रघुनाथ यांजकडून, युद्ध थांबल्याप्रीत्यर्थ', आणि खाली तारीख.

शेठने कागद दोनदा वाचला. "अदी, नाम लिखता हूँ, काम लिखता हूँ. तारीख मत लिखवाओ."

तिने विचारलं, का बरं?

"दुकान बंद होना अलग, लंच टाइम अलग," शेठ म्हणाला. "ये लोग लंच पे गये हैं. बड़े साहब को फोटो चाहिए था, मिल गया. अब बिल किसका फटेगा, वो देखो."

जगाबद्दल इतकं वाईट बोलणं संजीवनीला आवडलं नाही. तिने तारीख घालायला लावली. फक्त पाचव्या डब्याच्या वेळी कारागिराची मशीन गरम झाली आणि तो 'प्रीत्यर्थ'पाशी थांबला. तो डबा तसाच बिनतारखेचा पिशवीत आला.

मग राहिला सोसायटीचा हॉल. घरात पाच सवाष्णी, त्यांची मुलं आणि रघुनाथराव एवढी गर्दी मावणार नव्हती. सोसायटीचा सेक्रेटरी सम्यक हा कोर्टात कारकून. पोरगा सज्जन, पण अर्जाशिवाय पाणीसुद्धा पिणार नाही. हॉलच्या अर्जात 'कार्यक्रमाचे स्वरूप' असा रकाना होता. संजीवनीने खरं तेच लिहिलं: युद्ध थांबल्याबद्दल उद्यापन.

सम्यकने पेन खाली ठेवलं. "काकू, वाढदिवस लिहा, बारसं लिहा, मी आत्ता सही करतो. पण हे लिहिलंत तर सोसायटीने युद्ध थांबलं असं मान्य केल्यासारखं होतं. आपली सोसायटी रजिस्टर्ड आहे."

"मग काय लिहू?"

"खोटं लिहा असं मी म्हणत नाही. मीटिंग बोलावतो."

अशी ती मीटिंग झाली. विषयपत्रिकेवर गच्चीची गळती, पार्किंगमधली मांजरं, आणि तिसऱ्या क्रमांकावर जागतिक शांतता. गळती आणि मांजरं पाच मिनिटांत संपली. तिसऱ्या विषयाला दोन तास लागले. कोणी म्हणालं, साहेबांना शांततेचं बक्षीस हवंय. कोणी म्हणालं, बक्षीस नाही, तेल. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले की निवडणूक आली की अशी शांतता होते आणि निवडणूक गेली की जाते, आपल्याकडे रस्ते होतात तसंच. सम्यकने विचारलं की करारात उल्लंघनाचं कलम आहे का, ते कोणी वाचलंय का. कोणी वाचलं नव्हतं. रघुनाथराव उभे राहिले आणि त्यांनी शांतता खरी असल्याचं तळमळीने सांगितलं. ऑर्डनन्सचा माणूस इतका शांततेच्या बाजूने बोलतोय म्हटल्यावर सगळ्यांना वाटलं, यात काहीतरी आहे. त्यात पुरण आहे हे कोणाला माहीत नव्हतं.

संजीवनी कोपऱ्यात बसली होती. तिला विचारावं असं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि आलं नसतं तर बरं झालं असतं. पण उमाला आलं. उमा तशी मायेची, समोरच राहते, रोज वाटी घेते-देते. ती अगदी गोड आवाजात म्हणाली, "संजीवनीताई, राग मानू नका हं. पण वीस दिवस झाले. चहाची तलफ आली म्हणून तर युद्ध थांबल्यासारखं वाटत नाही ना?"

हॉलमध्ये हसू फुटलं. कोणी वाईट हसलं नाही, पण हसलं. ज्या नजरेने लोक मघापासून त्या मोठ्या साहेबांकडे बघत होते, तीच नजर आता तिच्याकडे वळली होती. कशासाठी थांबवतेय ही बाई? काय मिळणार आहे हिला? एक कप, आल्याचा. संजीवनीने मांडीवरचे हात घट्ट धरले आणि मनातल्या मनात स्वतःला विचारलं, खरंच तसं आहे का. उत्तर लगेच 'नाही' असं आलं नाही, आणि ते तिला जास्त लागलं.

शेवटी ठराव असा झाला की युद्ध थांबलं की नाही याबद्दल सोसायटीचं काही मत नाही, मात्र जेवणाला सोसायटीची हरकत नाही. हॉल सगळ्यांचा म्हटल्यावर जेवण पाच जणींचं राहिलं नाही. बेचाळीस पानं झाली.

बेचाळीस पानांचं पुरण मिक्सरवर होत नाही, हे संजीवनीला माहीत होतं. तरी तिने तसा प्रयत्न केला. तिसऱ्या भांड्याला मिक्सरमधून धूर आला, एक आवाज आला, आणि मग काहीच आलं नाही. पातेलंभर शिजलेली डाळ गुळासह तिच्याकडे बघत राहिली.

पुरणयंत्र होतं. तीन पायांचं, पितळी, इंदुबाईंचं. त्यांनी ते दोघी सुनांना मिळून दिलं होतं, आणि आता ते बदलापूरला रोहिणीवहिनींच्या माळ्यावर होतं. चार वर्षांपूर्वी गौरीच्या दिवशी, पाहुण्यांदेखत, संजीवनी हळूच म्हणाली होती, "वहिनी, माझं यंत्र आणलंत का?" वहिनींनी विचारलं होतं, "तुझं कधी झालं?" एवढंच झालं. त्यानंतर दोघी बोलल्या नाहीत. लोकांच्या घरी जमिनीवरून भांडणं होतात, दागिन्यांवरून होतात. पुरणयंत्रावरून झालं हे बाहेर सांगताही येत नव्हतं.

रघुनाथरावांनी तिला न विचारता रिक्षा धरली आणि मध्यस्थीला बदलापूर गाठलं. दोन तासांनी ते परत आले. हात रिकामे होते. खुर्चीत बसून त्यांनी आधी पाणी मागितलं, ते प्यायले, पंखा वाढवला, आणि मग सांगितलं की यंत्र मिळालं नाही.

"आधी काय बोललात तुम्ही?" संजीवनीने विचारलं.

"आधी यंत्र मागितलं. मग तू तुषारसाठी चहा सोडलायस, ते सांगितलं."

तिने डोळे मिटले. "मग वहिनी काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, 'चार वर्षं माझ्या उंबऱ्याला पाय लावला नाही, आणि आता माझ्या पोराच्या नावाने व्रत? यंत्र हवं असेल तर सरळ तसं सांग म्हणावं.'"

संजीवनीने डाळीच्या पातेल्यावर झाकण ठेवलं. त्या मोठ्या साहेबांबद्दल तिला पहिल्यांदाच थोडीशी सहानुभूती वाटली. कोण जाणे, त्यांच्याही मनात कुठेतरी एखादा पुतण्या असेल. मग तिला त्यांचे पसरलेले हात आठवले आणि वाटलं, नसेलही. पण बघणाऱ्याला बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, हे मात्र खरं.

युद्धविराम कसाबसा तीन दिवस टिकला होता. संध्याकाळच्या बातम्यांत तो मोडल्याचं कळलं आणि सम्यकने तत्परतेने लिफ्टजवळच्या फळ्यावर सूचना लावली: 'सौ. संजीवनीकाकू यांचे उद्यापन युद्धपरिस्थितीमुळे पुढे ढकलण्यात आले आहे. सभासदांनी नोंद घ्यावी.' पुढचे तीन दिवस स्नेहदीप सोसायटीत घरोघरी डाळीची गोड कढी, गोड वडे आणि एक अनाम पदार्थ झाला. लोकांनी तो खाल्ला, आणि प्रत्येक घासाला मोठ्या साहेबांच्या नावाने काही ना काही म्हटलं. चार डब्यांवर कोरलेली तारीख संजीवनीने कपाटात भिंतीकडे तोंड करून ठेवली.

चौथ्या दिवशी दुपारी तुषारचा व्हिडिओ कॉल आला. तो आठवड्यातून एकदा करायचाच, पण आईला सांगायचा नाही. तो त्याच्या इमारतीच्या तळघरात पार्किंगमध्ये बसला होता, मागे कोणीतरी गादी अंथरत होतं. चेहरा उतरला होता, पण हसत होता.

"काकू, चहा सोडलास म्हणे."

"कोणी सांगितलं?"

"आईने. तासभर चिडून सांगत होती. नंतर म्हणाली, तिला डोकेदुखीचा त्रास आहे, चहा सोडून कसं चालेल. मी म्हटलं, तूच विचार की फोन करून. तर म्हणाली, मी कशाला करू."

संजीवनीने पदराने फोनची काच पुसली. काच स्वच्छच होती.

"तुषार, एक सांग. ते थांबलं हे तुम्हाला तिकडे कसं कळतं रे? इथे कोणाचाच कोणावर विश्वास नाही."

"आमच्या गेटबाहेर एक चहावाला चाचा आहे," तो म्हणाला. "तो टीव्ही बघत नाही. पहिल्यांदा थांबलं म्हणाले, तेव्हा त्याने टपरी उघडली नाही. दुसऱ्यांदाही नाही. विचारलं तर म्हणतो, ट्रक ड्रायव्हर न घाबरता रांगेत उभे राहिले की उघडतो. काकू, तो ज्या दिवशी उघडेल ना, त्या दिवशी मी तुला फोटो पाठवतो. त्या दिवशी थांबलं समज. बाकी कोणाचं ऐकू नकोस."

"बरं."

"आणि पहिला कप आईच्या हातचा घ्यायचा. घरी जाऊन. कबूल?"

तिने देवघराकडे पाहिलं. समई शांत जळत होती. "यंत्रासाठी आले असं वाटेल रे त्यांना," ती म्हणाली.

"वाटू दे. कबूल?"

"कबूल."

फोन ठेवल्यावर ती हात धुऊन देवापुढे बसली. पळीभर पाणी घेतलं आणि या वेळी अगदी सावकाश, एकेक शब्द वेगळा करून तिने सांगितलं: तिकडच्या चाचाने टपरी उघडली, की पहिला चहा रोहिणीवहिनींच्या हातचा. इंदुबाई असत्या तर त्यांनी मान डोलावली असती. आता देवाला अंदाज करायचं कारण उरलं नव्हतं.

त्यानंतर युद्ध टीव्हीवर आणखी दोनदा थांबलं. पहिल्या वेळी उमाने बेल वाजवून विचारलं, आता तरी? संजीवनीने मान हलवली, नाही. दुसऱ्या वेळी रघुनाथरावांनी, तूप संपायला आलंय, अशी आठवण केली. तिने त्यांनाही नाहीच सांगितलं. लोकांना वाटलं, बाई हट्टाला पेटली. मीटिंगमधलं ते बोलणं मनाला लावून घेतलं, म्हणून आता चहाला शिवत नाही. उमा तर एकदा माफी मागून गेली. संजीवनीने तिला बसवलं, तिच्यासाठी चहा केला, समोर बसून तो तिला पिऊ दिला आणि वेलची कुठली आणतेस म्हणून विचारलं.

एकोणचाळिसावा दिवस गुरुवार होता. कुठलेही साहेब टीव्हीवर आले नव्हते. बातम्यांत भाज्यांचे भाव आणि क्रिकेट चाललं होतं, खाली पट्टीवर 'परिस्थिती संदिग्ध' असं सरकत होतं. पूजा आटोपून संजीवनी फुलं निर्माल्यात ठेवत होती, तेव्हा फोन एकदा थरथरला.

फोटो होता. वर गेलेलं शटर, शटरखाली एक म्हातारा, दाढी पांढरी, हातात गाळणं. मागे ट्रकांची रांग. आणि फोटोच्या कोपऱ्यात, धरणाऱ्याच्याच हातात, वाफाळणारा कागदी कप. खाली एकही शब्द नव्हता.

तिने फोटो देवाला दाखवला, मग इंदुबाईंच्या तसबिरीला. ठेवणीतली निळी साडी नेसली. बिनतारखेचा डबा कपाटातून काढून त्यात साखर भरली, नारळ घेतला, खण घेतला, आल्याचा एक तुकडा रुमालात बांधला.

रघुनाथराव पेपरातून मान काढून बघत होते. कुठे निघालीस म्हणून त्यांनी विचारलं, तिने बदलापूर म्हणून सांगितलं. ते उठले, लगबगीने दारामागच्या खुंटीवरून मोठी कापडी पिशवी घेऊन आले. एवढी जातेच आहेस तर, पितळी वस्तू जड असते, बंद तुटायला नकोत, असं काहीबाही म्हणाले.

संजीवनीने ती पिशवी त्यांच्या हातून घेतली, घडी घातली आणि परत खुंटीवर अडकवली. फळीवरून तिने आपली देवळात न्यायची लहान पिशवी काढली. डबा, नारळ, खण आणि आलं एवढ्यावर ती भरून गेली. तीन पायांचं पितळी यंत्र सोडाच, तिच्यात आता वाटीही मावली नसती. तिने पिशवी एकदा हातात धरून पाहिली, तोंड थोडं उघडंच ठेवलं, म्हणजे दारात उभं राहिल्यावर आत काय आहे आणि काय मावणार नाही हे कोणालाही दिसावं.

जिन्यात उमा दूध घेऊन वर येत होती. तिने साडी पाहिली, पिशवी पाहिली, आणि थबकून हळूच विचारलं, "ताई, थांबलं का मग?"

"चहाला जाऊन येते," संजीवनी म्हणाली, आणि कठड्याला धरून, पिशवी सांभाळत, एकेक पायरी उतरून बदलापूरच्या रिक्षांकडे चालू लागली.